हार घातलेलं पॅनेल

कुपवाडच्या माळावरून मिरजेकडे निघालं की राजेश्वरी पशुखाद्याचा वास आधी येतो आणि कारखाना मागाहून दिसतो. मळी, सरकीची पेंड, मक्याचा भरडा, सगळं एकत्र तापलेलं. नव्या माणसाचं त्या वासानं डोकं उठतं आणि जुन्याला त्याशिवाय जेवण जात नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात प्रशांत स्कूटरवरून त्या फाटकातून पहिल्यांदा आत शिरला, तेव्हा त्याचंही डोकं उठलं. पण काम मिळालं होतं, आणि काम मिळालेल्या माणसानं नाकाचं फार ऐकायचं नसतं.

प्रशांत मूळचा रहिमतपूरचा. कऱ्हाडला डिप्लोमा करून काही वर्षं पुण्यात एका कंपनीत पॅनेल जोडली आणि मग सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं. साखर कारखाना असो की सूतगिरणी, कुठं कंट्रोल पॅनेल रुसलं की लोक त्याला बोलावत. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि वडिलांची शिकवण एकच: कळलं नाही तर विचार, पण घाबरून हात जोडू नकोस. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटलीही होती.

कारखान्याचे मालक विश्वजीत साताऱ्याला पोवई नाक्यावर बसत. वडील मानसिंगराव फौजेतून सुभेदार होऊन आले आणि त्यांनी साधा, हातानं पोती ओतायचा कारखाना काढला. विश्वजीत पाचगणीला आणि पुढे परदेशात शिकले. परत आले ते डोक्यात कॉम्प्युटर घेऊनच. पेंड किती, मका किती, मळी किती, मिक्सर कधी फिरायचा आणि कधी थांबायचा, सगळं कॉम्प्युटर ठरवू लागला. वर त्याला मोडेम नावाची डबी जोडून टेलिफोनची वायर दिली. म्हणजे साताऱ्यातल्या खोलीतून फोन लावावा आणि इकडे कुपवाडला मिक्सर फिरावा. जिल्ह्यात असं काही नव्हतं, आणि विश्वजीत ते कुणाला ऐकवल्याशिवाय राहत नसत.

आता त्याच वायरीतून कुणीतरी आत येत होतं.

"चोर आहे," विश्वजीत पहिल्या भेटीत म्हणाले होते. "बाहेरून फोन लावतो, आमच्या सिस्टिममध्ये शिरतो, मिक्सर बंद पाडतो. तुम्ही त्याला शोधा आणि दार बंद करा. आडनाव काय म्हणालात?"

प्रशांतनं आडनाव सांगितलं. त्यापुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"आणि चोर कोण ते मला ठाऊक आहे. नाथाजी. गेल्या साली त्याचा भाऊ मिक्सरमध्ये गेला, त्याचा राग काढतोय. तू फक्त तसं लिहून दे. दसऱ्याच्या आत तो पोलिसात गेला पाहिजे."

"आधी बघतो, साहेब," प्रशांत म्हणाला. "मग लिहितो."

*

नाथाजी शिफ्टचा ऑपरेटर होता. तिशीचा, बारीक, केसांत कायम भरड्याची पूड. त्यानं प्रशांतला मिक्सर दाखवला. पोलादाचं आडवं पडलेलं पिंप, आत उभा माणूस मावेल एवढा. वर झाकण, चढायला लोखंडी शिडी, आणि आत दांड्यावर वळत गेलेली रुंद पाती. शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर. पडद्यावर आत शिरलेल्या माणसाचं नाव येत होतं: अर्जुना.

"अर्जुना कोण?"

"माजा थोरला भाऊ," नाथाजी म्हणाला. "पुण्याची मानसं मशीन बसवाय आली तवा त्याचंच नाव घातलं. मंग तिन्ही पाळ्या त्याच नावानं चालवत्यात."

"पासवर्ड?"

नाथाजीनं केबिनच्या दाराकडे बोट केलं. दारावर खडूनं १२३४ लिहिलेलं होतं. प्रशांतनं कपाळाला हात लावला. लाखाचं कुलूप घ्यायचं आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवायची, अशातली गत. त्यानं ते नाव खोडलं, प्रत्येक ऑपरेटरला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला, आणि खडूची अक्षरं स्वतःच्या रुमालानं पुसली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली बसले असताना केबिनमधला मोडेम शिट्टी घालू लागला. दिवे लुकलुकले. प्रशांत डब्यातला घास तसाच ठेवून आत धावला. पडद्यावर नाव आलं होतं. अर्जुना. त्यानं खोडलेलं, सिस्टिममध्ये उरलेलंच नसलेलं नाव. मिक्सर हळूच एक फेरा फिरला आणि थांबला.

"रोज येतो," दारातून नाथाजी म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, तीच गोष्ट प्रशांतला खटकली. "आवं साहेब, त्यो आमाला तरास देत न्हाई. उलट आत मानूस आसला की मशीन चालूच हुईत न्हाई. बटण दाबा, कायबी करा. फकस्त साताऱ्यास्नं दादासाहेबांचा, मालकांचा फोन आला, की थांबतं. त्यांचं बोलणं संपस्तवर थांबतं."

"योगायोग असेल."

"आसंल की. तुमी बगा."

प्रशांतनं बघितलं. नाथाजी शिडी चढला. झाकणापाशी थांबून त्यानं वाकून आत तोंड केलं आणि साध्या आवाजात, शेजारच्याला सांगावं तसं सांगितलं, "अर्जुना, मी नाथाजी. आत जातोय रं." मग उतरला. प्रशांतनं मोटरकडे जाणाऱ्या मुख्य वायरी सोडवून ठेवल्या, बटणाला नुसता टेस्टर लावला. वीज येत होती. दाबल्यावर पुढे जायला हवी होती, जात नव्हती. त्यानं बटण उघडून बघितलं. नवंकोरं, स्वच्छ, काही खोट नाही. नाथाजी बाहेर आला तेव्हा टेस्टर पेटला.

या वेळी प्रशांतनं बटणाला बोटही लावलं नव्हतं.

*

फाटकाजवळच्या कठड्यावर एक म्हातारी बसलेली असायची. रोज, सुट्टीच्या वेळी. डोक्यावर पदर, मांडीवर रिकामे हात. प्रशांतला आधी वाटलं कुणाचा तरी डबा घेऊन येत असेल. ती बयाबाई, अर्जुनाची आणि नाथाजीची आई. पोरगा जाईपर्यंत इथंच झाडलोट करत होती.

त्यानं विचारलं नव्हतं. तीच बोलली.

"खंडेनवमीला मशिनी बंद आसत्यात, ठाव हाय न्हवं तुमास्नी?"

प्रशांतच्या घरी खंडेनवमी नव्हती, पण ज्याच्या त्याच्या कारखान्यात तिचा अनुभव होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रं धुवायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. आणि एकदा हार पडला की त्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. या पट्ट्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. लहान पोरसुद्धा हार घातलेल्या सायकलीची घंटी वाजवत नाही.

"पॅनेलला हार म्याच घातला," बयाबाई म्हणाली. "हिरव्या बटणावर कुंकवाचं बोट म्याच टेकवलं. मंग आर्जुना वला फडका घिऊन आत उतारला, पाती पुसाय. हार घातलेला हाय, कोण चालू करणार? कुणाला वाटंल तरी का? मालकानं पोलिसांस्नी सांगितलं, त्यानंच बटण दाबलं आन मंग आत शिरला. त्याचीच चूक. पन साहेब, मी धावत आले तवा बटणावरचं कुंकू तसंच व्हतं. कुणाचं नख लागलं नव्हतं त्याला. मी समद्यांस्नी सांगितलं. कुणी आयकलं न्हाई."

मेन स्विच खाली ओढून कुलूप का लावलं नाही, असं विचारायचं प्रशांतच्या जिभेवर आलं होतं. त्यानं गिळलं. या लोकांनी कुलूपच लावलं होतं. ते झेंडूचं होतं एवढंच. आणि माणसाच्या हातानं मशीन चालू होत असे तोवर ते पुरतही होतं. टेलिफोनच्या वायरीतून आलेल्या हुकमाला हार दिसत नाही.

*

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रशांतच्या ओळखीचा माणूस होता. रोज सुट्टीत येणारा तो फोन कुठून लागतो, ते त्यानं शोधून दिलं. साताऱ्याहून. पोवई नाका. खुद्द विश्वजीत यांच्या कार्यालयाचा नंबर.

दुसऱ्या दिवशी प्रशांत साताऱ्याला गेला. विश्वजीत कोरेगावला गेले होते. कार्यालयात जुना शिपाई सिद्धू एकटाच होता. खाली घड्याळाच्या दुकानाशेजारी शटर, शटरमागे लाकडी जिना, वर मालकाची केबिन, आणि तिच्या मागे बंद खोली. कुलूप उघडायला सिद्धूनं बराच वेळ लावला. किल्ली फिरत नव्हती.

"गेल्या दसऱ्यापास्नं उघडली न्हाई ही," तो म्हणाला.

खोलीत ओल आणि बंद कपाटाचा वास होता. कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं झाकण, झाकणावर बोटभर धूळ. धुळीवर एकही खूण नव्हती. वायर भिंतीतल्या प्लगातून उपटून टेबलावर गुंडाळून ठेवलेली. प्रशांतनं झाकण न काढता खालून हात घालून पडद्यावर तळवा ठेवला.

काच गरम होती.

त्यानं हात मागे घेतला, पुन्हा ठेवला. दिवसभर चालवलेल्या कॉम्प्युटरची असते तशी गरम. खिडकीतून ऊन येत असेल म्हणून त्यानं मान वळवली. त्या खोलीला खिडकी नव्हती.

"ही खोली का बंद केली?" त्यानं विचारलं.

सिद्धू दारातच उभा होता. आत आला नव्हता. "मला इचारू नगा साहेब. माजी नोकरी हाय."

"मी तुमचं नाव घेणार नाही."

सिद्धू जिन्याकडे बघून घेऊन हळू आवाजात बोलला. "खंडेनवमीला पाव्हणे आलते. मोटे व्यापारी. म्या पेढे आणून दिले. दादासाहेब म्हनले, आज कारखाना बंद हाय, पन बगा, हितनं एक बटण दाबतो आन तितं मिक्सर फिरतो. त्यांनी दाबलं. पडद्यावर कायतरी हिरवं फिराय लागलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू व्हत्या तवाच खालचा फोन वाजला. कुपवाडचा."

प्रशांत दोन-दोन पायऱ्या गाळत जिन्यानं खाली आला. त्याला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल. चूक झाली हे एक वेळ समजता येतं, माणसाला खंडेनवमी ठाऊक नसेल, साहेबी शाळेत गेला असेल. पण त्यानंतर त्या म्हातारीला तोंडावर सांगायचं की तुझ्या पोराचीच चूक, आणि वर्षभरानं तिचा दुसरा पोरगाही आत टाकायचा, ही चूक नव्हती. हा निगरगट्टपणा होता.

*

दार बंद करायचं काम मात्र त्यानं सोडलं नाही. हातचं काम अर्धवट टाकायची त्याला सवयच नव्हती. कुपवाडचा मोडेम काढून पिशवीत घातला. टेलिफोनची वायर खांबापासून तोडली. आणि प्रोग्रॅममध्ये एक प्रश्न घातला. मिक्सर चालू करायचा हुकूम कुठूनही येवो, पडद्यावर आधी रोमन अक्षरांत मराठी ओळ यायची: आत कोणी आहे का? एच दाबलं की होय, मिक्सर जागेवर कुलूपबंद. एन दाबलं की नाही, मग फिरणार. साधी गोष्ट. पुण्याच्या लोकांनी पहिल्याच दिवशी घालायला हवी होती. तोच प्रोग्रॅम फ्लॉपीवरून साताऱ्याच्या कॉम्प्युटरलाही घातला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत कुपवाडच्या केबिनमध्ये शिट्टी वाजली. मोडेम प्रशांतच्या पिशवीत होता आणि पिशवी त्याच्या मांडीवर. पिशवीतून काही आवाज येत नव्हता. शिट्टी मोडेमच्या रिकाम्या जागेवरून येत होती. पडद्यावर नाव आलं. अर्जुना. खाली प्रश्न: आत कोणी आहे का? उत्तर कुणी दिलं नाही. प्रश्न सुट्टी संपेपर्यंत तसाच थांबून राहिला, आणि सगळे कामावर आल्यावर गेला.

"कुणाची तरी वाट बगतोय त्यो," नाथाजी म्हणाला.

प्रशांतनं त्याला गप्प बस म्हटलं नाही.

साताऱ्याला विश्वजीत यांच्यासमोर प्रशांत उभा राहिला तेव्हा त्यांनी बसही म्हटलं नाही.

"लिहिलंस का?"

"फोन तुमच्या मागच्या खोलीतून येत होता, साहेब."

विश्वजीत यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण माणूस मोठा पटाईत. "म्हणजे नाथाजीनं किल्ली मिळवली."

"गेल्या साली हिरव्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. त्यावरचं कुंकू मोडलं नव्हतं."

"कुंकू! इंजिनीअर आहेस का गुरव?" ते हसले. मग हसू पुसून म्हणाले, "दसऱ्याला संध्याकाळी नाथाजीला उचलायला सांगितलंय मी. तू लिही, नाहीतर नको लिहू. लिहायला दुसरा मिळेल."

प्रशांतनं रात्रभर विचार करून ठेवलेलं तेव्हा बोलून टाकलं. खंडेनवमीला मालकानं कारखान्यात यावं. नाथाजीला डोळ्यांसमोर उभं करावं. मेन स्विच खाली ओढलेला, वायरी तोडलेल्या, आणि साताऱ्याच्या खोलीत स्वतः प्रशांत. एवढं करून काही हललं, तर नाथाजीचा त्यात हात नाही हे मान्य करायचं. न हललं तर मालक म्हणतील ते प्रशांत लिहून देणार.

विश्वजीत यांना तसंही जायचंच होतं. कामगारांनी सांगून ठेवलं होतं, मालकानं आत उतरून पात्यांना स्वतःच्या हातानं कुंकू लावल्याशिवाय दसऱ्यानंतर कुणी कामावर येणार नाही. मानसिंगराव दरसाल लावत. विश्वजीत कधी गेले नव्हते.

"जातो," ते म्हणाले. "बघू तुमचं भूत."

*

खंडेनवमीला पोवई नाक्यावर झेंडूचे ढीग लागले होते. रिक्षावाले रिक्षा धूत होते. सिद्धूनं प्रशांतला खोली उघडून दिली आणि संध्याकाळी कुलूप लावायला येतो म्हणून घरी गेला.

प्रशांतनं कॉम्प्युटर लावला. मोडेमची वायर काढून तिचं टोक हातात धरलं. दुसऱ्या, बोलायच्या फोनवरून कुपवाडला नाथाजी होता.

"दादासाहेब आलं," नाथाजी सांगत होता. "पायताण काढलं. हार घालाय लागल्यात पॅनेलला."

मग फोनवर विश्वजीत आले. "वायर काढलीस ना?"

"हातात आहे, साहेब."

"इथला मेन स्विच मी माझ्या डोळ्यांनी बघितला. खाली आहे. नाथाजी माझ्यासमोर आहे."

"साहेब, आत जायच्या आधी ते लोक सांगतात तसं सांगा. एकदा बोला. त्यात काय जातं?"

हे आपण का म्हणालो, ते प्रशांतला कळलं नाही. विश्वजीत यांना मात्र ते ऐकू गेलं होतं. ते आवाज चढवून बोलले, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी कुणाला सांगून आत जात नसतो. माझं मशीन आहे."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लोखंडी शिडीवर अनवाणी पावलं वाजली. झाकण उघडलं.

प्रशांतच्या समोर पडदा उजळला.

अर्जुना.

आत कोणी आहे का?

प्रशांतनं हातातली वायर बघितली. टोक मोकळं होतं. त्यानं वायर खाली सोडली आणि उजव्या हाताचं बोट एच या अक्षरावर नेलं. होय. एवढं दाबायचं होतं. हा प्रश्न त्यानंच लिहिला होता, आणि होय म्हटलं की कुलूप पडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

बोट अक्षरावर तरंगत राहिलं.

त्याला कठड्यावर बसलेली बयाबाई दिसली. तिच्या मांडीवरचे रिकामे हात दिसले. याच खोलीत टाळ्या वाजल्या होत्या. उद्या संध्याकाळी नाथाजीला उचलणार होते. बोट खाली जाईना, आणि भीतीनं गोठलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला दाबायचं नव्हतं. त्याला हवं होतं ते. मनापासून हवं होतं.

पडद्यावर प्रश्नापुढे एक अक्षर उमटलं.

एन.

रिसीव्हरमधून मिक्सर फिरल्याचा आवाज आला. जड, ओल्या भरड्यातून पाती जातात तसा. एक फेरा. पुन्हा शांतता.

"साहेब." नाथाजी होता. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "साहेब, आयकताय न्हवं?"

"मिक्सर फिरला," प्रशांत म्हणाला.

"न्हाई वो. मशीन हललंबी न्हाई. आमी समदी हितंच उभी हाय. कायसुदीक आवाज न्हाई. पन दादासाहेब बाहीर येईनात, म्हून मी शिडीवर चढून बगितलं."

"मग?"

"आत कोण न्हाई, साहेब. पुसल्यावानी सोच्छ हाय. कुंकवाची वाटी तेवडी हाय. पायताण हितं खाली हाय. ह्या एका झाकणाबिगार बाहीर याय वाट न्हाई." मागे बायकांचा गलका ऐकू आला, आणि त्यात बयाबाईचा आवाज नव्हता. "पोलिसांस्नी काय सांगायचं?"

"जे दिसलं ते," प्रशांत म्हणाला. "तू सगळ्यांच्या समोर होतास. तुला आता कुणी काही करू शकत नाही."

त्यानं रिसीव्हर ठेवला. छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. उठावं, कॉम्प्युटर बंद करावा, संध्याकाळची एसटी गाठावी म्हणून त्यानं खुर्ची मागे सरकवली.

पडद्यावरची ओळ पुसली गेली. पुन्हा लिहिली गेली.

आत कोणी आहे का?

मिक्सर रिकामा होता. कारखान्यात सगळे बाहेर उभे होते. प्रशांतनं सावकाश मान वळवून त्या बिनखिडकीच्या खोलीकडे, आपण न लावलेल्या बंद दाराकडे बघितलं. हा प्रश्न कुठल्या आतबद्दल आहे, ते त्याला कळलं.

या वेळी त्याच्या बोटानं जराही वेळ लावला नाही. त्यानं एच दाबलं. अक्षर उमटलं नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. मग तळव्यानं दाबत राहिला.

खाली जिन्याशी पावलं वाजली. सिद्धू कुलूप लावायला आला होता. नेहमीप्रमाणे त्यानं जिन्याच्या पायथ्याशी थांबूनच हाक दिली.

"आवं, वर हाय का कोण?"

"आहे!" न उघडणारं दार ओढत प्रशांत ओरडला. "सिद्धूमामा, मी आहे! आत आहे मी!"

आवाज खोलीत घुमला. त्याच्या स्वतःच्या कानांना तो नीट ऐकू आला. खाली सिद्धूनं क्षणभर कानोसा घेतला असावा. मग तो घड्याळवाल्याशी बोलताना ऐकू आला, रोजच्यासारख्या सुरात, सणाच्या घाईत.

"न्हाई, कोण न्हाई वर. गेलं वाटतं."

आणि त्यानं शटर खाली ओढलं.